घोटाघोटाचं पाणी

मागच्या अंकात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या जेवणाबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं मात्र बहुतेक पाण्याबद्दलची आहेत. मला त्याचं नवल वाटलं नाही. नाशिकला आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मॅडम, पाणीच जात नाही." घरी सोडलेल्या पेशंटला पुन्हा दवाखान्यात आणणाऱ्या कारणांत शरीरातलं पाणी कमी होणं हे जगभरच वरच्या जागी आहे. म्हणून या वेळचं अख्खं सदर पाण्याला. आधी पत्र, मग माझं उत्तर.

माझी स्लीव्हची शस्त्रक्रिया होऊन बारा दिवस झाले. पाण्याचा घोट घेतला की छातीत दाटतं, कधी उलटी होते. आई म्हणते, "उन्हाळा आहे, तांब्याभर पाणी पी." तहानही फारशी लागत नाही. किती आणि कसं प्यावं? – एक भगिनी, जळगाव

ताई, तांब्याभर पाणी एका दमात मावेल असं पोट आता राहिलेलं नाही, हे आधी आईंना समजावून सांगा. स्लीव्हमध्ये पोटाचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. सुरुवातीला तिच्यात शंभर-दीडशे मिली मावतं, आणि बाराव्या दिवशी ती आतून सुजलेलीही असते. मोठा घोट वरच अडकतो, दाटून येतं, तोंडाला लाळ सुटते आणि सगळं बाहेर. असं दोनदा झालं की माणूस पाण्याचं भांडं बघूनच नको म्हणतो. पाणी कमी पडलं की मळमळ वाढते, मळमळ वाढली की पाणी आणखी नकोसं होतं. या फेऱ्यात तुम्ही अडकू नये एवढ्यासाठी हे उत्तर लांबवते आहे.

2018 साली माझ्या थोरल्या बहिणीची पुण्यात स्लीव्ह झाली. मी तीन आठवडे तिच्याकडे राहिले. तोवर मी पेशंटना कागदावर "दिवसभरात दीड ते दोन लिटर" असं लिहून देत होते. ते दीड लिटर प्रत्यक्षात कसं पोटात जातं, हे मी तिच्या स्वयंपाकघरात बसून पहिल्यांदा पाहिलं. आम्ही खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं पंधरा मिलीचं टोपण धुऊन घेतलं. दर पाव तासाला दोन टोपणं, म्हणजे 30 मिली, आणि तीही तीन-चार घोटांत. दीड लिटर म्हणजे असे 50 वेळा. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात पाव तास येतात 64. म्हणजे सुटी फक्त चौदांची. दुपारची झोप, आंघोळ, आलेल्या पाहुण्यांशी बोलणं, सगळं त्यातच बसवायचं. ताईने फ्रिजवर एक कागद लावला होता, त्यावर ती पेन्सिलने रेघा मारायची. संध्याकाळी पाच वाजता पंचवीस रेघाही नसल्या की आम्हाला दोघींना धडकी भरायची. तुम्हीही असा कागद लावा. लक्षात ठेवून हे जमत नाही.

तहानेची वाट बघू नका. ऑपरेशनआधी आपण किती पाणी प्यायलो याचा हिशेब ठेवायची गरज नसायची, कारण जेवणातूनच बरंच मिळायचं. वरण, आमटी, भाजी, ताक, कलिंगड, काकडी. शरीराला मिळणाऱ्या पाण्यातला साधारण पाचवा हिस्सा अन्नातून येतो, आणि आपल्या पातळ जेवणात तर तो त्याहूनही जास्त असणार. जेवण थांबलं की तो हिस्साही थांबला. त्यात सुरुवातीला शरीर साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जाळतं. तिच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, ते लघवीवाटे निघून जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे किलो भराभर उतरतात त्यात हे पाणी बरंच असतं. काटा खाली आला म्हणून घरचे खूश असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत शरीर कोरडं पडत असतं.

साधं पाणी जड लागतं ही तक्रार खूप जणांची असते. ताईला ते लोखंडासारखं लागायचं. तिला कोमट, जिरं उकळून गाळलेलं पाणी चाललं. काहींना उलट माठातलं गारच बरं वाटतं. तुमच्या सर्जननी पातळ आहार सांगितला आहे तोवर वरणाचं गाळलेलं पाणी, मुगाचं कढण, भाताची पेज, मीठ घातलेली ताकाची निवळी, मलई नसलेलं नारळपाणी, हे सगळं पाण्यातच धरा. पेजेत आणि ताकात मीठ हवंच. जळगावच्या उन्हात घामावाटे मीठही जातं, नुसत्या पाण्याने ते भरून येत नाही. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं आणि नारळपाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता गोळ्या. ताईला अकराव्या दिवशी पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मी आधी पाण्याच्या रेघा मोजल्या, त्या त्रेचाळीस होत्या, वाईट नव्हत्या. मग तिच्या गोळ्यांचा डबा उघडला. रक्तदाबाची जुनी गोळी तशीच चालू होती. तिच्या नावापुढे 'एच' हे अक्षर होतं. हे अक्षर दिसलं की त्या गोळीत बहुधा लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. आम्ही टोपणाने पाणी आत घालत होतो आणि गोळी ते बाहेर काढत होती. घरी सोडताना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं, हे मला आजही लागून राहिलं आहे. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून गोळी बदलून घेतली. तुमच्या डब्यात रक्तदाबाची गोळी असेल, किंवा मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी लघवीतून साखर बाहेर काढणारी गोळी असेल, तर आजच फोन करून विचारा. मनाने बंद करू नका, पण विचारल्याशिवाय चालूही ठेवू नका.

लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला, सात-आठ तास लघवीच झाली नाही, उभं राहिल्यावर भोवळ आली, तर घरी टोपणं मोजत बसायचं नाही. स्वस्थ पडून असताना नाडी शंभराच्या वर धावत राहिली, ताप आला, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखू लागलं तर तासभरही थांबू नका, सर्जनना गाठा. ते नुसतं पाणी कमी पडल्याचं लक्षण नसून टाक्यांच्या रेषेतून गळती होत असल्याचंही असू शकतं.

उसाचा रस, सोडा, बाटलीतलं 'एनर्जी'वालं पेय यातलं काय चालेल? स्ट्रॉने प्यावं का? – एक वाचक, बारामती

उसाचा रस नाही. एका पेल्यात पाच-सहा चमचे साखर सहज असते. पोटाचा बायपास, म्हणजे पोटाचा छोटासा भाग वेगळा करून तो थेट आतड्याला जोडायची शस्त्रक्रिया, झालेल्यांत ती साखर थेट आतड्यात उतरते आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब सुरू होतात. याला डंपिंग म्हणतात. पाणी मिळवायला रस प्यायचा आणि जुलाबात असलेलंही घालवायचं, असं होतं. कोकमाचं, कैरीचं सरबत घरी बिनसाखरेचं, मीठ-जिरं घालून करा, ते छान चालतं. सोडा नको, गॅसने एवढंसं पोट फुगून दुखतं. स्ट्रॉने हवा आत जाते म्हणून बरेच सर्जन नको म्हणतात. त्याबद्दल माझा आग्रह नाही, लहान घोट घेतला जातोय ना एवढं बघा.

ओआरएस लागलंच तर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचं, एक लिटरचं पाकीट घ्या आणि अख्खं पाकीट लिटरभर पाण्यातच विरघळवा. निम्मं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकणारे खूप भेटतात. त्या प्रमाणात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, घोटाघोटाने घेतलं तर ते सोसतं. औषधाच्या दुकानात तशाच दिसणाऱ्या गोड पेयांचे खोके वर्षानुवर्षं ओआरएस म्हणून विकले गेले. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली, तरी घेताना पाकिटावरचं प्रमाण वाचाच.

पत्नीचा पोटाचा बायपास होऊन दोन महिने झाले. तीन आठवड्यांपासून उलट्या होत आहेत, पाणीही टिकत नाही. गावातल्या दवाखान्यात तीन वेळा ग्लुकोजची सलाईन लावली, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. आता ती चालताना झोकांड्या खाते, पायांना मुंग्या येतात म्हणते. अशक्तपणा असेल का? – एक वाचक, लातूर जिल्हा

हे पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. संपादकांकडून नंबर घेऊन मी त्याच दुपारी या दादांना फोन केला. त्यांच्या परवानगीने इथे लिहिते आहे, कारण हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी असंच चाललेलं असू शकतं.

झोकांड्या जाणं, मुंग्या येणं, डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ होणं, यातलं काहीही उलट्यांच्या जोडीने आलं तर तो अशक्तपणा समजू नका. ती जीवनसत्त्व बी-1, म्हणजे थायमिन, संपल्याची लक्षणं असू शकतात. थायमिनचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तीन आठवडे उलट्या, गोळ्याही बाहेर, मग ते येणार कुठून? आणि ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिनच लागतं. अशा वेळी नुसत्या ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. ती वेळेत ओळखली नाही तर कायमची राहते.

गावातल्या डॉक्टरांना दोष द्यायला मी बसलेली नाही. समोर उलट्यांनी गळालेलं माणूस आहे, नातेवाईक "सलाईन लावा" म्हणतात, आणि हाताशी असलेली बाटली लावली जाते. "पोटाचा बायपास" असं नीट सांगितलं नाही तर बायपास म्हणजे हृदयाचा, असंच ऐकणाऱ्याला वाटतं. या दादांनीही तिथे नुसतं "बायपास झालाय" एवढंच सांगितलं होतं. म्हणून माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. एका कागदावर मराठीत आणि डॉक्टरांसाठी इंग्रजीत लिहून ठेवा: पोटाची कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणत्या तारखेला, सर्जनचा नंबर, आणि "उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्यावं." त्याचा फोटो मोबाईलमध्ये आणि कागद पाकिटात. पाणी भरून काढायला नॉर्मल सलाईन किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट) ही बिनग्लुकोजची बाटली असते. ती लावतानाही थायमिनची आठवण करून द्या.

दुसरं म्हणजे उलट्यांचं कारण शोधायचं राहूनच गेलं होतं. बायपासनंतर पोट आणि आतडं जिथे जोडतात ती जागा कधीकधी आवळत जाते, बहुतेकदा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. आधी पोळी अडकते, मग मऊ भात, शेवटी पाणीही. दादांच्या पत्नीला दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं त्या ठिकाणी नेलं. थायमिनची इंजेक्शनं लगेच सुरू झाली. दुर्बिणीतून पाहिलं तर जोड आवळलेलाच होता, फुग्याने तो रुंद केला. परवा दादांचा फोन आला, पाणी जातंय, कढण जातंय. चाल अजून पूर्ण सुधारलेली नाही. ती सुधारेल अशी मला आशा आहे आणि मी दर आठवड्याला विचारणार आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बायपासला दीड वर्ष झालं, 34 किलो वजन उतरलं. आता सोनोग्राफीत मुतखडा निघाला. भरपूर पाणी प्या म्हणतात, पण शाळेत स्वच्छतागृह वापरण्यासारखं नाही. मी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच पाणी घेतच नाही. – एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आठ तास बिनपाण्याचे, आणि तेही रोज. राज्यातल्या किती शिक्षिका, किती महिला कंडक्टर, पोलीस अशा राहतात, आणि त्याची चर्चा होते ती फार तर कुजबुजत.

खड्याचं आधी सांगते. बायपासनंतर अन्नातली थोडी चरबी न पचता आतड्यात राहते आणि कॅल्शियमला चिकटते. एरवी हे कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकाला धरून शौचावाटे बाहेर नेत असतं. ते अडकून पडल्यामुळे ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात शोषलं जातं आणि किडनीत जमतं. लघवी दाट असली की त्याचे खडे होतात. त्यामुळे खडा झाला म्हणून कॅल्शियमची गोळी बंद करणं ही चूक ठरते, आणि ती फार जण करतात. सायट्रेट प्रकारचं कॅल्शियम जेवणाबरोबर घ्या, म्हणजे ते ताटातल्याच ऑक्झलेटला पकडेल. पालक, चुका, राजगिऱ्याचा पाला, बीट, मूठमूठ शेंगदाणे-बदाम हे कमी करा. पाण्यात लिंबू पिळा, लिंबातलं सायट्रेट खड्याच्या विरोधात काम करतं.

खडा झालेल्यांनी दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी घ्यावं असं सांगतात. तुम्ही ते साडेपाचनंतर भरून काढायला जाता, पण तुमचं पोट एका वेळी एवढं घेणारच नाही. शिवाय रात्रभर लघवीला उठावं लागेल ते वेगळं. पहाटे पाचला उठत असाल तर निघेपर्यंत सातशे मिली होऊ शकतं. शाळेत बाटली टेबलावर ठेवा आणि प्रत्येक तासिकेला पाच-सहा लहान घोट घ्या. घटाघटा प्यायल्यासारखी लगेच लघवीला लागत नाही. डबा खाताना पाणी नको, नंतरही अर्धा तास नको, हे तुम्हाला माहीत असेलच.

आणि स्वच्छतागृह. हे माझ्या विषयाबाहेरचं आहे असं म्हणून मी सोडणार नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्याच्या परिशिष्टात मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी प्रत्येक शाळेला बंधनकारक केलेलं आहे. तुमच्याइतक्याच त्या शाळेतल्या मुलीही दिवसभर पाणी टाळत असणार. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांतल्या आयांना बरोबर घ्या आणि लेखी अर्ज द्या. तुमच्या सोनोग्राफीचा अहवाल जोडायची तयारी असेल तर जोडा. अर्जाचा मसुदा लागला तर मला लिहा, मी करून देईन. तोवर शाळेजवळच्या एखाद्या घरी मधल्या सुट्टीत जायची सोय करता येईल का, हे विचारायला संकोच करू नका.

स्लीव्ह झाली तेव्हापासून हरतालिकेपर्यंत सहा महिने होतील. लग्नापासून निर्जळी करते. या वर्षी करू का? – एक भगिनी, रत्नागिरी

निर्जळी नको. सहा महिन्यांनीही तुमचं पोट एका वेळी पेलाभर पाणी सहज घेणार नाही, त्यामुळे एका दिवसाची तूट दुसऱ्या दिवशी उपवास सोडताना भरून निघत नाही. डोकं दुखतं, भोवळ येते, बद्धकोष्ठ होतं. आपल्याकडे आजारी, गरोदर, ओल्या बाळंतिणीला व्रतात पाणी-फळं-दूध घ्यायची मुभा घरोघरी दिली जाते. त्याच मुभेने तुम्हीही पूजा करा, जागरण करा, आणि पाणी, ताक, शहाळं घेत राहा. साबुदाण्याची खिचडी मात्र चिकट असते, घशाखाली अडकते. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. त्या रागावल्या तर मला फोन करायला सांगा, मी बोलेन त्यांच्याशी.

चहा कधी सुरू करता येईल? तो पाण्यात धरायचा का? – एक वाचक, ठाणे

बहुतेक सर्जन पहिला महिनाभर तरी चहा-कॉफी नको म्हणतात, कारण नव्या पोटाला ते झोंबतं आणि आम्लही वाढतं. त्यानंतर बिनसाखरेचा, फिका, अर्धा कप चालतो, आणि हो, तो पाण्यात धरायचा. लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर दोन तास मात्र चहा नको, लोह शोषलं जात नाही.

माझ्या ताईला चाळिसाव्या दिवशी परवानगी मिळाली. आलं घातलेला, दूध थोडं, साखर नाही. मी फोनवर होते. अर्धा कप संपायला तिला पंचवीस मिनिटं लागली, तोवर तो गार झाला होता. मग फोन तसाच धरून ती फ्रिजपाशी गेली आणि तिने कागदावर तीन रेघा मारल्या.